हळदीतला चाकू

चाकू कुणाच्या हातात देऊ नये. जमिनीवर ठेवावा, समोरच्यानं उचलून घ्यावा. हातात दिला की दोघांचं वाकडं येतं, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी मी मायला कांदा चिरायला चाकू थेट हातात दिला, तेव्हा तिनं पाठीत धपाटा घातला. 'सख्ख्या मायशी भांडण लावून घ्यायलास व्हय?' म्हणाली. म्हणजे भांडण झालंच. समजूत खरी करायची ती अशी.

तरीही मला चाकूंचा शौक लागला. निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन होऊन गेली, तेव्हा मी परभणीत एका जिनिंगमध्ये कापूस जोखायला होतो. वडील आधीच गेले होते. माय आणि धाकटी बहीण बोरीला, मी रविवारच्या मोटारीनं घरी. माझ्या सोबतीचे लोक पगार झाला की पान खात, कुस्त्या बघायला जात. मी स्टेशनाजवळच्या भंगारवाल्यांकडे उकिडवा बसून पाती उघडून बघायचो. माझी मतं ठाम होती आणि कुणी विचारली नाहीत तरी मी सांगायचो.

विलायती चाकू माझ्याकडे एक होता. जुन्या राजवटीतले साहेब बाडबिस्तरा आवरून हैदराबादेकडे निघाले, तेव्हा त्यांच्या घरातलं सामान बाजारात आलं, त्यातला. मूठ हरणाच्या शिंगाची, पात्यावर मुकुटाची छाप. दिसायला नवाब. पण पातं पाठीशी इतकं जाड, की पेरू चिरायला घेतला तर पेरू फुटायचा. असले चाकू पाहुण्यांना दाखवायला ठेवावेत. पोखर्णीच्या नृसिंहाच्या जत्रेत टिनाच्या मुठीचे रंगीत चाकू मिळत. ते काकडीला भिऊन वाकतात, त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही. आमच्या बोरीचा लोहार मोटारीच्या मोडक्या कमानीचं पातं काढून द्यायचा. काळा, बेढब, मिटताना बोट चावणारा. पण उंबऱ्याच्या दगडावर घासला तरी धार धरायचा आणि वर्षभर तक्रार करायचा नाही. माणसात असं कुणी असतं तर आपण त्याला मुलगी दिली असती.

रामपुरीबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट. खटका दाबला की पातं उभं राहतं, आणि लोकांना कौतुक त्या खटक्याचंच. ज्याचा निम्मा जोर आवाजात आहे, ते हत्यार असो की माणूस, मला भरवशाचं वाटत नाही. त्यात ते दिवस तसे. ॲक्शनच्या पुढच्या वर्षी परभणीच्या बाजारात एका दुकानदारानं मला रामपुरी दाखवली आणि मी सहज खटका दाबला. समोर एक म्हातारा मुसलमान शिंपी मशिनीवर बसला होता. त्यानं कापड तसंच सुईखाली सोडलं, उठला, आत गेला आणि दुकानाची फळी आतून ओढून घेतली. भरदुपारी. मी चाकू मिटून ठेवला. बराच वेळ थांबलो, पण फळी काही उघडली नाही. तेव्हापासून मी रामपुरी हातात धरलेली नाही.

आणि माझा लाडका होता तो जर्मन. रेल्वेतल्या एका गार्डाकडून घेतलेला. काळ्या शिंगाची मूठ, दोन पाती, मोठ्या पात्याच्या मुळाशी मासोळीची छाप. आम्ही घरात त्याला मासोळीच म्हणायचो. पातं इतकं पातळ की कांद्याची फोड पडली हे कांद्याला उशिरा कळायचं. पण चांगलं पोलाद मिजासखोर असतं. लिंबाचा थेंब राहिला की काळा डाग, पावसाळ्यात दुर्लक्ष झालं की गंज. त्याला रोज कोरडं करून खोबरेल लावावं लागे. करडईचं तेल चालत नाही, ते चिकट होऊन बसतं. शिवाय सगळ्याच मिटणाऱ्या चाकूंची एक खोड असते. पातं जिथं मुठीत बसतं त्या फटीत घाण जमते आणि ती दिसत नाही. मी काडीला चिंधी गुंडाळून ती फट साफ करायचो. बहीण शेजारी बसून काडी धरायची. पाती ओळखायला तीही माझ्याइतकीच शिकली होती.

तिचं लग्न ठरलं, तेव्हा नवऱ्याकडच्यांची एक अडचण निघाली. आमच्यात हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात लोखंड लागतं. कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच कट्यार होती. पण ॲक्शननंतर हत्यारं जमा करा म्हणून दवंडी पिटली, तेव्हा लोकांनी तलवारी, भाले चावडीत नेऊन टाकले, त्यात ती कट्यारही गेली. ती परत आली नाही. नवरदेवाची आई, आमची होणारी विहीण, ओट्यावर बसून मायला म्हणाली, 'तुमचा ल्योक लय चाकू बाळगतो म्हणत्यात. एक चांगला द्या.' मी लोहाराचा काढून ठेवला. तिनं तो पायानं बाजूला सारला. तिला मासोळीच हवी होती. बहिणीच्या लग्नात नाही कसं म्हणणार? मी मासोळी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली.

माझ्या डोळ्यादेखत त्या पात्याच्या टोकाला लिंबू खोचलं गेलं. हळदीचे सगळे दिवस ते तसंच राहिलं. रस पात्यावरून ओघळत मुठीच्या फटीत उतरत होता, वर हळद, वर कुंकू, वर येईल त्या बाईचं ओलं बोट. लग्नात सगळे जेवले, मला घास गोड लागला नाही. लोकांना वाटलं भावाला बहिणीचं दुःख झालंय. तेही होतंच.

लग्नानंतर मी चाकू मागितला, तेव्हा विहीणबाई हसल्या. त्यांच्या घरची रीत निराळी होती. हळदीतून चालून आलेलं लोखंड पहिल्या लेकराची नाळ कापेपर्यंत परत करत नाहीत, सून बाळंतपणाला जाईल तिथं ते सोबत जातं. तोवर ते दगडावर घासायचं नाही, पाण्यानं धुवायचं नाही, विस्तवाला दाखवायचं नाही. कट्यारीनं त्यांच्या घरच्या सगळ्या नाळा कापल्या होत्या. आता कट्यारीच्या जागी मासोळी. हळदीच्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ती भिंतीतल्या देवळीत ठेवली. ओल्या फडक्यात! मी परभणीला परत येईपर्यंत दात खात होतो.

त्याच हंगामात जिनिंगमधल्या एका हमालाच्या पायाला कापसाच्या गाठीची गंजकी लोखंडी पट्टी लागली. एवढासा ओरखडा. त्यानं माती दाबली आणि काम करत राहिला. काही दिवसांनी त्याचं तोंड उघडेना. मी त्याला पाणी पाजायला गेलो, तर दातांच्या मधून पाणी गालावर सांडलं आणि तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग पाठीची कमान व्हायला लागली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. म्हणाले, नुसत्या गंजानं काही होत नाही, गंजाच्या खळग्यांत माती-शेणाची घाण लपते ती मारते. ताज्या जखमेतून आत जाते, आणि सगळ्यात ताजी जखम बाळाच्या नाळेची. हे शेवटचं त्यांनी सहज सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे मासोळीची फट आली.

बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गाडीतून उतरताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोचक्यातून ते फडकं काढून खाली ठेवलं. मी उलगडलं. मोठं पातं उघडेना. नखानं ओढलं तेव्हा करकरत आलं आणि फटीतून काळा, चिकट लगदा बाहेर पडला. हळद, कुंकू, कुजलेलं लिंबू आणि देवळीतली झुरळं काय करतात ते. पात्यावर खळगे पडले होते. मासोळीचं डोकं गंजानं खाल्लं होतं.

मी मायला म्हणालो, 'हा उकळून घेऊ दे, घासू दे, मग वापरा.'

'विहिणीनं शपथ घातलीय,' माय म्हणाली. 'धुतला आन्‌ उद्या लेकराला काय झालं तर? माझ्या पोरीला त्या घरात उभं करतील का? तू शिकलास, तुझं शिकणं तुझ्यापाशी.'

'आणि न धुता झालं तर?'

'तर ते देवाचं.'

मायला नातवंड नको होतं असं नाही. तिला मरणापेक्षा दोषाची भीती जास्त होती, आणि दोष कुणाच्या माथी बसतो हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. मला तिचा भयंकर राग आला.

बहिणीनं मला गोठ्याकडे बोलावलं. हमालाची गोष्ट मी तिला पत्र्यावर पाऊस पडावा तशी भडाभडा सांगून टाकली. तिनं पोटावर हात ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'दाढीची पत्ती हाय का नवी?'

'आहे.'

'ती सुईणीपाशी दे. बाकीचं मी बघते. पण दादा, हे बाहेर गेलं तर मला न्यायला कोणी येणार न्हाई. ध्यानात ठेव.'

बाळंतपण सकाळी झालं. मी अंगणात होतो. माय चुलीवरचं पाणी आणायला बाहेर आली तेवढ्यात आत नाळ कापली गेली, उकळलेल्या पत्तीनं. सुईण नंतर मला हळूच म्हणाली, 'तुमच्या बहिणीनं माझं मनगट धरलं, सोडंच ना. मला काय, कापायचं ते मी कापलं, सांगायचं ते तुमी सांगा.' मासोळी नुसती नाळेजवळ टेकवली आणि मायच्या हातात बाळाबरोबर रक्तानं माखलेलं फडकं आलं. मुलगी झाली होती.

त्यानंतरचे दिवस मी जिनिंगला गेलो नाही, आजारी असल्याचा निरोप धाडला. बहीण बाळाला पाजायला घेई, तेव्हा मी दाराआडून कान देऊन बसे. चुपचुप आवाज आला की श्वास सोडायचा. आवाज थांबला की बहिणीला हाक मारायचो. पाचवीच्या पूजेला विहीणबाई आल्या. सटवाईच्या पाटावर लिंबाशेजारी मासोळी ठेवली. त्या बाळाची मूठ उघडून बघायच्या आणि मी बाळाचं तोंड बघायचो, उघडतंय ना, मिटतंय ना. आम्ही चुकलो असू आणि काही झालं, तर बहिणीनंच रीत मोडून लेकरू मारलं असं ठरणार होतं. पोरगी मात्र जांभया देत होती, रडत होती, दूध ओकत होती. मला इतकं गोड ओकणं कधी दिसलं नाही.

बारसं झालं. विहीणबाई खुशीत होत्या. जाताना सगळ्या बायकांपुढे म्हणाल्या, 'चाकूला गुण हाय. कट्यारीपेक्षा सवाई निघाला.' चाकू त्यांनी मायपाशी ठेवला, रीत फिटली म्हणून. सूनबाईला न्यायला येत्या शुक्रवारी गाडी धाडतो म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

त्या रविवारी मी परभणीहून उतरलो तर माय दारातच भेटली, चेहरा फुललेला. आमच्या मागच्या आळीत एक घर होतं, त्यांच्या सुनेची दोन बाळं आधी गेली होती. तिचे दिवस भरले होते. 'सकाळीच त्यांची म्हातारी आली,' माय म्हणाली. 'पदर पसरला बिचारीनं. दिला आपला चाकू. पोटात दुखायलंय तिच्या, आतापस्तोर झाली बी असंल मोकळी.'

आमची देवळी रिकामी होती.

आमची सुईण लेकीकडे जिंतूरला गेलेली. त्या घरी दुसरीच कुणी आली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. मी बहिणीकडे पाहिलं. ती पाळण्याची दोरी धरून उभी होती. शुक्रवारसाठी तिनं बाळाची दुपटी घडी करून ठेवली होती, ती तिथंच खाटेवर होती.

'जा,' ती म्हणाली. 'सांग.'

'तुझं काय?'

'माझं मागून बघता येईल. पळ आधी.'

माय विचारत राहिली, काय झालं, काय सांग. मी ट्रंकेतून पत्तीचं पुडकं काढलं आणि पळालो.

त्या घराच्या अंगणात बायका बसल्या होत्या. खोलीचं दार लोटलेलं, आतून कण्हण्याचा आवाज. पुरुषानं त्या दारापुढे जायचं नसतं. मी गेलो. म्हातारी आडवी आली. मला दम लागला होता, आणि असल्या वेळी कसं बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

'त्या चाकूनं आमच्या बाळाची नाळ कापली नाही,' मी म्हणालो. 'नुसता टेकवला. कापली ती दाढीच्या पत्तीनं. उकळून. चाकू सडलाय, त्यानं कापाल तर लेकराला धनुर्वात होईल.'

म्हातारी माझ्याकडे बघत होती. मग तिच्या तोंडावर राग चढत गेला.

'द्यायचा न्हाई तर तसं म्हणायचं होतं,' ती म्हणाली. 'माझ्या दारात येऊन, असल्या टायमाला, असलं अभद्र बोलायलास? तुमच्या घरचं जगलं, आमचं जगू नये व्हय? आन्‌ तुमच्या बहिणीनं सासूला फसवलं म्हणायलास?'

'हो,' मी म्हणालो. 'फसवलं. म्हणून पोरगी जगली.'

मागं कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. एक बाई उठून गेलीसुद्धा. बातमी कुठल्या वाटेनं जाणार ते मला तेव्हाच दिसलं.

आतलं कण्हणं थांबलं. सून आतून बोलली. तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. 'आत्याबाई, मला नको तो चाकू.'

'तू गप.'

'नको. दोन गेली माझी. नको.'

दार हातभर उघडलं. उंबऱ्यावरून एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि फडक्यातली मासोळी जमिनीवर ठेवून आत गेला. पुन्हा बाहेर आला, रिकामा, तसाच थांबला. मी मासोळी उचलून पुडकं खाली ठेवलं. 'उकळून घ्या,' म्हणालो. हातानं ते उचललं आणि दार लागलं.

तिला मुलगा झाला. तो पुढे भलताच खोडकर निघाला, आमच्या परसातली बोरं चोरायचा.

शुक्रवारी गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी नाही. निरोप आला, की खोटी नाळ कापून आलेली सून आमच्या घरची नाही. माय माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढून सरकवायची, जमिनीवरून, चाकू द्यावा तसं. बहीण रडली नाही असं मी म्हणणार नाही. ती पाळणा हलवता हलवता रडायची आणि मी आलो की डोळे पुसून विचारायची, मागच्या आळीतलं लेकरू कसं हाय? मी म्हणायचो, बरं आहे. पोरगी पालथी पडायला लागली, रांगायला लागली, भिंत धरून उभी राहिली. मासोळी त्याच फडक्यात देवळीत होती. मी तिला हात लावला नाही. घासावंसं फार वाटे. पण हातच जात नव्हता.

ज्वारीची काढणी उरकल्यावर एका सकाळी मेव्हणा आला. एकटाच, बैलगाडी घेऊन. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, पोरीकडे बघितलं आणि नजर वळवली. मग मला म्हणाला, 'दादा, तो चाकू हाय का आजून?'

'आहे.'

'द्या.'

मी फडकं आणून त्याच्यापुढे ठेवलं. माय दाराशी येऊन उभी राहिली.

'आई म्हणती, तो चाकू हाय तवर नाळेचं ऋण सुनेच्या माथी उभं हाय,' तो म्हणाला. 'एवढे दिस तेच ऐकायलोय. म्हणलं, मग तोच नको.'

तो उठला आणि फडकं नि बैल हाकायची पराणी घेऊन लोहाराकडे निघाला. मी मागोमाग गेलो, का ते मला सांगता येणार नाही. त्यानं फडक्यासकट मासोळी भट्टीत टाकली. हळदीचं फडकं भसकन पेटलं, शिंगाची मूठ जळाल्याचा वास सुटला. विस्तवाला दाखवायचा नाही म्हणून ज्याला जपलं होतं तो चाकू लाल झाला. तेवढं पातळ पातं मला पुन्हा मिळालं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला बहिणीपेक्षा पात्याचं वाईट वाटलं. शौक असाच असतो.

'काय करू ह्याचं?' लोहारानं विचारलं.

'कायबी.'

लोहारानं इकडं तिकडं पाहिलं. मेव्हण्याच्या गाडीची पराणी भिंतीला टेकवलेली होती, तिच्या टोकाची लोखंडी आर झिजली होती. त्यानं मोठ्या पात्याचा तुकडा ठोकून नवी आर काढली आणि काठीच्या टोकाला बसवली. मेव्हण्यानं अंगठ्यानं टोक पाहिलं आणि मान डोलावली.

दुपारी गाडी जुंपली. बहिणीनं ठेवलेली दुपटी आता पोरीला पुरत नव्हती, ती मायनं ठेवून घेतली. तिनं पोरीच्या गालाला काजळाचं बोट लावलं आणि त्याच बोटानं जाता जाता माझ्या हाताला स्पर्श करून गेली. बहीण गाडीत चढली. मेव्हण्यानं पराणी उचलली, पण बैलाला टोचली नाही, नुसती दाखवली. बैल आपसूक चालू लागला.